पितळेच्या डब्यातले बारा झेड

आमच्या सरांच्या वर्गात शिरताना चपला दाराबाहेर आणि खोडरबर डब्यात काढून ठेवायचं, असा नियम होता. डबा पितळेचा, पानाचा. सर स्वतः पान खात नसत. लग्नात कुणीतरी आहेर दिलेला तो डबा कित्येक वर्षं घरात नुसताच पडून होता म्हणे, आणि पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडारा जिल्ह्यात राहून पितळ वाया घालवणं सरांच्या जिवावर आलं. म्हणून कात-चुन्याच्या कप्प्यांत त्यांनी पोरांची रबरं भरायला घेतली. ज्या पेन्सिलीच्या मागे रबराची शेंडी असते, ती शेंडीसुद्धा ब्लेडने कापून डब्यात जायची. हे ते रागावून करत नसत. न्हावी जसा गिऱ्हाइकाशी गप्पा मारत मारत काम उरकतो, तसं घरचं, अभ्यासाचं विचारत विचारत शेंडी उडवायचे.

कोणी कारण विचारलं, की उत्तर ठरलेलं. "रेघ पडली ना, आता थे घरची झाली. घरच्या माणसाले कोणी खोडते का?"

मी सिहोऱ्याची. बारावी झाल्यावर डिझाईनचा एक वर्षाचा कोर्स करायला भंडाऱ्याला मामाकडे राहिले. आमचा वर्ग भांड्यांच्या एका दुकानावरच्या माडीवर भरायचा. खाली दिवसभर पितळ ठोकल्याचा आवाज, वर आम्ही अकरा जण. पहिल्या दिवशी सरांनी खालून एक गुंड मागवला, म्हणजे पाणी भरायची पितळेची घागर, आणि टेबलावर ठेवून म्हणाले, काढा. माझ्या गुंडाचं पोट डाव्या बाजूला भलतंच सुटलं. हात सवयीने रबर शोधायला गेला आणि रबर डब्यात. मी रडकुंडीला आले. सर मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले की हा गुंड कधीतरी विहिरीच्या काठावर आपटला असणार, तेव्हा त्याला पोचा आला असणार. तो पोचा नीट दाखव. मी पोचा दाखवला. सावली दिली. चित्र इतकं खरं उतरलं की सरांनी ते भिंतीला लावलं. संध्याकाळी दुकानदार गुंड न्यायला वर आले, त्यांनी चित्र बघितलं, आणि माल कोणी आपटला ते आधी सांगा म्हणून अडून बसले. गुंड उचलून चारी बाजूंनी तपासल्याशिवाय ते खाली गेले नाहीत. माझ्या कलेची एवढी दाद त्यानंतर मला कोणी दिलेली नाही.

सरांना मोजायचं वेड होतं. हात लांब करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठा पेन्सिलीवर सरकवायचा. चित्र काढताना सगळेच हे करतात. सर हे एसटी स्टँडवर करायचे, भाजी घेताना करायचे. मोहाडीहून रोज बसने यायचे, तर खिडकीशी बसून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोजायचे. समोरच्या बाईला वाटायचं हा म्हातारा आपल्याला डोळा मारून राहिला, आणि दोनदा तरी त्यावरून बसमध्ये तमाशा झाला होता. एकदा आमच्या वर्गातल्या एकीच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो. सरांनी पेन्सिल काढली, मांडव मोजला आणि मुलीच्या बापाला बोलावून सांगितलं की मांडव डावीकडे दोन बोटं कलला आहे. तो म्हणाला, असू द्या. सरांनी असू दिलं नाही. पंगत बसली तरी ते मांडवाच्या खांबापाशीच उभे. शेवटी चार जणांनी खांब हलवला, सरांनी पुन्हा एक डोळा मिटला, मान हलवली आणि मग जेवायला बसले. जिलेबी तीन वेळा मागून घेतली. मांडवाच्या खांबाशी इतका वेळ उभं राहणं म्हणजे काही सोपं काम नव्हतं.

असा माणूस जन्मात कधी कॉम्प्युटरच्या वाटेला गेला नसता. पण दिवाळी झाली आणि आम्हाला डिझाईनचं सॉफ्टवेअर शिकवणारे तरुण सर पुण्याला नोकरी लागली म्हणून निघून गेले. जाताना त्यांनी सांगितलं की ऑनलाइन सगळं मिळतं, व्हिडिओ बघून शिका. तोवर आम्हाला कॉम्प्युटर चालू आणि बंद करता येत होता, त्यातही चालू करणं जास्त चांगलं.

संस्थेचे संचालक माडीवर आले. वाईट माणूस नव्हता, हिशेबी होता. त्यांनी स्पष्ट सांगितलं की नवा शिक्षक परवडत नाही. यंदा पोरांनी आपापलं शिकून परीक्षा द्यावी. पुढच्या वर्षी मात्र सॉफ्टवेअरच्या पेपरचं प्रमाणपत्र असलेला माणूस शिकवायला नसेल, तर हा कोर्सच बंद, आणि माडी खालच्या दुकानदाराला भांडी ठेवायला भाड्याने. कोर्स बंद म्हणजे सरांचा चित्रकलेचा तासही बंद. त्या माडीवर सरांनी तीस वर्षं शिकवलं होतं. सर पेन्सिलीला टोक काढत होते. ते काम पूर्ण केलं आणि मग म्हणाले, "तं मी परीक्षा देतो. या पोट्ट्यायच्या संगं."

संचालकांना ते थट्टेत बोलतात असं वाटलं. सरांनी त्याच दिवशी फॉर्म भरला. आम्ही एक ते अकरा, सर बारा नंबर.

आता सरांनी माऊस कसा धरला ते सांगायला हवं. पेन्सिलीसारखा, तीन बोटांत. तो उचलून पुन्हा अलीकडे ठेवता येतो हे त्यांना पटत नव्हतं, कारण कागदावरून पेन्सिल मध्येच उचलली तर रेघ तुटते. त्यामुळे माऊस टेबलाच्या कडेला पोचला की सर थांबायचे आणि जागा संपली म्हणायचे. दुसऱ्या दिवशी खालून दुकानदाराचं भांडी मांडायचं लांबलचक टेबल वर आणलं गेलं. त्यावर सर डावीकडून उजवीकडे चालत चालत रेघ काढायचे. पंधरा दिवसांनी माऊस उचलायला शिकले, तेव्हा टेबल परत गेलं.

खरी मजा व्हिडिओंची. हिंदीत शिकवणारा एक तरुण पोरगा आम्ही शोधून काढला. त्याचे चाळीसेक पाठ होते, ओळीने. पहिला व्हिडिओ लावायच्या आधी सरांनी मला थांबवलं, स्क्रीन फडक्याने पुसली, शेजारी एक खुर्ची मांडली आणि पाण्याचा ग्लास भरून ठेवला. मी विचारलं, खुर्ची कोणासाठी. सर म्हणाले, बाहेरगावचे सर शिकवायला येऊन राहिले, त्यांना उभं ठेवायचं का. पोरगा स्क्रीनवर येऊन "हॅलो दोस्तों" म्हणाला आणि सरांनी उठून हात जोडले. मग आम्हाला उठावं लागलं. त्या दिवसापासून त्या पोराचं नाव 'पाहुणे' पडलं. तो पोरगा सरांच्या नातवाच्या वयाचा असेल, पण सर त्याला अहो-जाहोच करायचे.

पाहुणे बोलत असताना व्हिडिओ थांबवायचा नाही, हा पहिला कायदा. शिक्षकाला मध्येच तोडायचं नसतं. मागेही न्यायचा नाही, कारण तीच गोष्ट दोनदा सांगायला लावणं म्हणजे आपलं लक्ष नव्हतं असं कबूल करणं. जाहिरात आली तरी पुढे ढकलायची नाही. पाहुणे काही सांगतात मध्ये, तेही ऐकून घ्यायचं. एका केसांच्या तेलाची जाहिरात आम्हा अकरा जणांना अजून तोंडपाठ आहे. आणि मध्येच वीज गेली तर दुसऱ्या दिवशी पाठ पहिल्यापासून, कारण पाहुण्यांचं बोलणं अर्धवट ऐकणं बरं दिसत नाही. अर्ध्या तासाचा पहिला पाठ संपायला आम्हाला आठ दिवस लागले. पण झालं असं की डोळ्यांत तेल घालून बघायची सवय लागली. पाहुण्यांचा बाण स्क्रीनवर कुठे गेला, कुठे थांबला, किती वेळ थांबला, हे आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. पुढे नोकरीत असं बघणारी माणसं मला फारशी भेटली नाहीत.

पाठ संपला की सर शंका गोळा करायचे आणि त्या पाहुण्यांना कळवायच्या म्हणून व्हिडिओखाली पत्र लिहायचे. लिहायचे म्हणजे ते सांगायचे, मी टाईप करायची. त्यातलं एक मला अजून आठवतं. माननीय महोदय, स.न.वि.वि. आपला आजचा पाठ समजला. फक्त सातव्या मिनिटास आपण उजवीकडे जे दाबले, ते मागच्या बाकावरील विद्यार्थ्यांस दिसले नाही. पुढील खेपेस कृपया सावकाश दाबावे. आमच्याकडे धान कापणी झाली असून थंडी बरी आहे. कळावे. तो व्हिडिओ तीन-चार वर्षांपूर्वीचा होता, पाहुणे आता सावकाश काय दाबणार, हे सरांना सांगायची छाती कोणाची झाली नाही. उत्तर कधी आलं नाही. सर म्हणायचे, कामाचा माणूस आहे, सवड झाली की लिहील.

मग आला पाचवा पाठ. पाहुणे एक वळणदार रेघ काढत होते, ती चुकली. ते हसले आणि म्हणाले, "गलती हो जाए तो टेंशन नहीं लेने का, कंट्रोल झेड मारो." त्यांनी काहीतरी दाबलं आणि रेघ गेली. नुसती पुसली नाही, कधी काढलीच नव्हती अशी गेली. रबराने खोडलं तरी कागदावर वळ राहतो. इथे तोही नाही.

आम्ही सगळ्यांनी सरांकडे बघितलं. ते खुर्चीत ताठ बसले होते. पाहुण्यांना तोडायचं नाही हा त्यांचाच कायदा, त्यामुळे पुढची वीस मिनिटं त्यांनी कशी काढली ते त्यांनाच माहीत. त्या वीस मिनिटांत पाहुण्यांनी ती कळ आणखी नऊ वेळा दाबली, मी मोजलं. पाठ संपला. सर उठले, हात जोडले, पाण्याचा ग्लास खिडकीतून ओतला आणि आमच्याकडे वळून म्हणाले की पाहुणे हुशार आहेत, मनाने चांगले आहेत, पण त्यांचं हे एक ऐकायचं नाही.

मग त्यांनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि बाराही कीबोर्डांवरचे झेड उपटले. एकेक करून पितळेच्या डब्यात टाकले, चुन्याच्या कप्प्यात. झेडच्या जागी एक बारीक भोक राहिलं. आता कोणी म्हणेल की अख्ख्या सॉफ्टवेअरमध्ये मागे जायची ती एकच वाट थोडीच असते, वरच्या मेनूतही ते असतंच. असतं. पण आम्ही सगळं पाहुण्यांकडून शिकलेलो. पाहुणे ज्या दारातून गेले तेवढीच दारं आम्हाला माहीत, आणि त्या मेनूत जाऊन त्यांनी हे काम कधी केलं नाही. त्यामुळे आमच्यापुरती ती सोय भंडाऱ्यातून उठली.

त्या संध्याकाळचं पत्रही मीच टाईप केलं. आपल्या विद्वत्तेबद्दल नितांत आदर आहे. परंतु चूक मागे घेण्याची जी कळ आपण दाखवता, ती आमच्या वर्गात वापरली जाणार नाही, याची नोंद घ्यावी. राग नसावा. आणि काय सांगू, नेमकं याच पत्राला दोन दिवसांनी काहीतरी आलं. उत्तर नव्हतं, पत्राखाली एक लाल बदाम उमटला होता, पाहुण्यांनी दिलेला. सरांनी चष्मा वर करून तो बदाम बघितला, मापलाही असेल. मग समाधानाने म्हणाले, "म्हंजे पटलं त्यायले."

पुढचे तीन महिने आम्ही कसे शिकलो म्हणता. रेघ चुकली की तिचं काय करायचं हाच अर्धा अभ्यास. गोल वाकडा आला की त्याचं वांगं व्हायचं. अक्षर घसरलं की त्याखाली पाणी दाखवून त्याची नाव करायची. एकाने वाकड्या चौकोनांचं एवढं मोठं गाव तयार केलं की सरांनी त्याला त्या गावचा सरपंच नेमलं. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. सर स्वतः सगळ्यात हळू आणि सगळ्यात जिद्दी. कधी कधी डबा खाऊन मी लवकर वर आले तर ते एकटेच बसलेले असायचे, जीभ दातांत धरून, एक वळण काढत. या माणसाला पास व्हायलाच हवं, असं मी मनात म्हणायचे. आमचं काय, आम्ही पुन्हा परीक्षा देऊ शकलो असतो. सर पास झाले तर माडी राहणार होती.

परीक्षेला नागपूरहून परीक्षक आले. उंच, गंभीर गृहस्थ. कीबोर्डांकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. त्यांनी नियम वाचून दाखवले, त्यातला एक दोनदा वाचला: पेपर चालू असताना जो जागा सोडेल, त्याची परीक्षा तिथेच संपली. तीन तास. विषय, चिन्नोर तांदळाच्या पाकिटाचं डिझाईन. ऐकून आम्ही मनात खूश झालो, कारण आमच्याच भागात पिकणारा चिन्नोर काय आहे हे आम्हाला कोणी सांगायला नको होतं. माझा नंबर चार, म्हणजे पहिल्या रांगेचं टोक. सर बारा, तिसऱ्या रांगेचं टोक, सरळ माझ्या मागे.

माझं पाकीट छान जमलं होतं. धानाची लोंबी, खाली तळं, वर नाव. वीस मिनिटं उरली होती आणि नाव थोडं लहान वाटलं, म्हणून ते पुसून पुन्हा लिहावं असं डोक्यात आलं. पाहुण्यांनी सांगितलं होतं तसं सगळं निवडायची कळ दाबली, मग डिलीट दाबलं. पण माझा बाण नावाच्या चौकटीत नव्हता, बाहेर होता. नाव गेलं, लोंबी गेली, तळं गेलं. पान पांढरंफटक. माझी पाचावर धारण बसली. आणि अशा वेळी जे करू नये तेच मी केलं. पाहुणे दर पाठात सांगायचे की काहीही होवो, आधी सेव्ह करा. मी ते पांढरं पान सेव्ह केलं.

हात मांडीत ठेवून मी बसून राहिले. रेघ चुकली असती तर मी तिचं काहीतरी केलं असतं. कोऱ्या पानाचं काय करणार. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

सर उठले होते. परीक्षक म्हणाले, बारा नंबर, बसा. सर बसले नाहीत. सावकाश चालत माझ्यापाशी आले. एक डोळा मिटून माझ्या पांढऱ्या पानाकडे बघितलं, तेही सवयीने. मग डाव्या अंगठ्याने कंट्रोल दाबला, कानावरची पेन्सिल काढली आणि तिचं मागचं टोक, ज्यावरची शेंडी त्यांनी स्वतः कापली होती, झेडच्या भोकात घालून एकदाच दाबलं.

लोंबी परत आली. तळं आलं. नाव आलं.

परीक्षक जवळ आले होते. सर त्यांना म्हणाले, "तिनं मले बोलावलं नाही जी. मीच उठलो." परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि नियम तो नियम म्हणून सरांचा पेपर थांबवला. त्यांची चूक नव्हती. सर मान हलवून बाहेर गेले. जाताना आपली चप्पल शोधायला त्यांना जरा वेळ लागला, तेवढंच. मी उरलेला वेळ नुसती रडत होते आणि रडत रडत नाव मोठं करत होते.

पेपर संपल्यावर आम्ही सगळे धावत खाली आलो. सर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते, शेजारी दुकानदार, दोघांच्या हातात चहा. मी एवढंच म्हटलं की सर, तुम्ही कायले उठले. त्यांच्या चेहऱ्यावर नापास झाल्याचं दुःख शोधून सापडत नव्हतं. जत्रेतून आलेल्या पोराचा असतो तसा चेहरा होता.

"बाई," ते म्हणाले, "मले वाटलं थोडंसं येईन. थे तं सगळंच आलं."

मग त्यांनी मला तिथेच मोबाइल काढायला लावला आणि पाहुण्यांना पत्र सांगितलं. माननीय महोदय, आपली ती कळ आज एकदा वापरली. सर्व परत आले. आपले आभार. वर्गातील नियम मात्र कायम आहे.

निकाल लागला. आम्ही अकराच्या अकरा पास, बारा नंबर नापास. संचालक माडीचं माप घ्यायला टेप घेऊन आले तेव्हा सर त्यांच्या पाठोपाठ वर आले आणि म्हणाले की प्रमाणपत्र असलेला माणूसच पाहिजे ना, तर तो आहे. आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मला नागपूरच्या एका छापखान्यात काम मिळत होतं. मी शिकवणार, एकोणीस वर्षांची, आणि कोणाला. पण सरांकडे बघून नाही म्हणणं माझ्या बापाच्यानंही झालं नसतं. दुकानदाराने टेप स्वतःच गुंडाळून संचालकांच्या हातात दिला आणि मला माडी नको म्हणाला. भांडी काय, खालीही राहतात.

जूनमध्ये वर्ग भरला. सकाळी चित्रकला, ती सरांची. दुपारी सॉफ्टवेअर, ते माझं. हजेरी घ्यायला लागले आणि शेवटच्या नावाला पहिल्या बाकावरून सरांचा पांढरा शर्ट उभा राहिला. हजर मॅडम, म्हणाला. सकाळी मी त्यांना सर म्हणायची, दुपारी ते मला मॅडम. यात त्यांनी वर्षभर एकदाही गफलत होऊ दिली नाही. मी बोलत असताना कधी तोडलं नाही, शंका शेवटी लिहून दिली, आणि माझ्या टेबलावर रोज पाण्याचा ग्लास भरलेला असायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी पितळेचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि वर्ग तुमचा, नियम तुमचा, असं सांगितलं. मी पुष्कळ विचार केला. शेवटी असं ठरवलं की दिवाळीपर्यंत झेड डब्यात, दिवाळीनंतर जागेवर. सर म्हणाले, ठीक आहे. पण दिवाळीनंतर मी झेड बसवत बसवत त्यांच्या बाकापाशी आले, तेव्हा त्यांनी कीबोर्डावर हात पालथा ठेवला. म्हणून मी अकराच झेड बसवले, बारावा डब्यातच राहिला.

पुढच्या परीक्षेला परीक्षक तेच. या वेळी तोंडी परीक्षाही होती आणि मला आत बसायची परवानगी नव्हती, म्हणून मी दाराच्या फटीला डोळा लावून उभी होते. सरांचं काम त्यांनी बराच वेळ बघितलं. मग पहिला प्रश्न विचारला, जो ते सगळ्यांना विचारत होते: काम करताना चूक झाली, तर मागे कसं जाता.

सर विचारात पडले. मी दाराबाहेरून नुसते ओठ हलवले, कंट्रोल झेड, कंट्रोल झेड, जणू त्यांना ते ठाऊक नव्हतं.

"थे एकच डाव केलो जी," सर म्हणाले. "मागच्या साली. त्याच्यापायीच नापास झालो."

परीक्षकांनी मान वर केली, सरांच्या कानावरच्या पेन्सिलीकडे बघितलं, आणि तेवढा गंभीर माणूस एकटाच हसत सुटला. त्या प्रश्नाला त्यांनी दोनपैकी दोन मार्क दिले. सर बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "मॅडम," ते मला म्हणाले, "माया पेपर पुन्हा तपासाले लावा. कळीचं नाव तं मी सांगतलोच नाही."